फ्लोरिडा, रेड टाइड आणि नाताळची सुट्टी: बुकिंग करू का?

ओहायोकर

नमस्कार मंडळी. नाताळच्या आठवड्यात फ्लोरिडाला, गल्फच्या (मेक्सिकोच्या आखाताच्या) बाजूला जायचं घाटतंय. सिएस्टा की या बेटावर एक घर पाहून ठेवलंय, गॅलरीतून थेट समुद्र दिसतो. आम्ही दोघं, दोन मुलं (मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच) आणि भारतातून आलेले सासू-सासरे. सासऱ्यांना दमा आहे, पंप सदानकदा खिशात. खरं तर हा सगळा घाट त्यांच्यासाठीच घातलाय. ओहायोत येऊन बिचारे कंटाळलेत.

आता ऑफिसातल्या एकाने मिठाचा खडा टाकला. म्हणे, "रेड टाइड आली असेल तर किनाऱ्यावर पाच मिनिटं उभं राहवत नाही." रेड टाइड म्हणजे समुद्रात विषारी सूक्ष्म शैवाल माजणं, एवढं रात्री शोधून कळलं, पण पुढे डोकंच चक्रावलं. एका फोटोत मेलेल्या माशांचा खच, आणि त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या फोटोत लोक मजेत डुंबतायत. घराचे पैसे शुक्रवारपर्यंत भरायचेत आणि नंतर रद्द केलं तर अर्धेच परत मिळणार. हे आधी कळायचा काही मार्ग आहे का? सासऱ्यांना तिकडे न्यावं की नाही? आणि सासूबाईंनी ऐकल्या ऐकल्या विचारलं, "मग तिथले मासे खायचे की नाही?" तेही इथेच विचारून घेतो.

भटक्या

काही होत नाही हो. आम्ही क्लिअरवॉटरला जाऊन आलो, बातम्यांत तेव्हाही रेड टाइड रेड टाइड चाललं होतं. पाणी आरशासारखं, पोरं दिवसभर पाण्यात. टीव्हीवाल्यांना काहीतरी दाखवायला लागतं. बिनधास्त जा.

पेलिकन

भटक्या, तुम्हाला चांगला आठवडा लाभला, छान झालं. पण स्वतःच्या धडधाकट फुप्फुसांवरून दमेकऱ्याला सल्ला नका देऊ, कृपया.

ओहायोकर, मी व्हेनिसला राहते. इटलीतलं नव्हे, सिएस्टाच्या दक्षिणेला गाडीने अर्ध्या तासावर आहे ते. सुट्टीसाठी घरं भाड्याने देणाऱ्या एका छोट्या कचेरीत फोन घ्यायचं काम करते, त्यामुळे रेड टाइड मला घरीही भेटते आणि कामावरही.

पाण्याच्या रंगावरून काही ठरवू नका. लालसर-तपकिरी पाणी दिसतं ते शैवाल फारच दाट झाल्यावर. त्याच्या कितीतरी आधी घशाला कळतं. सकाळी दार उघडून बाहेर पाऊल टाकावं आणि शेजारी कुणी मिरचीची फोडणी दिल्यासारखा ठसका लागावा, तसं होतं. वास म्हणाल तर काहीच नाही. वास येतो तो नंतर, मासे मेल्यावर. डोळे चुरचुरतात, नाक गळतं, कोरडा खोकला येतो. आत येऊन दार लावलं की बहुतेकांचं थोड्या वेळात शमतं.

कचेरीत फोन येतो, "आम्ही काल आलो आणि घरात सगळ्यांनाच सर्दी झालीय, जवळचं अर्जंट केअर कुठे आहे?" मी विचारते, "आत्ता गॅलरीत उभे आहात का?" असतातच. मग सांगते, आत जा, काचेचं दार लावा, एसी लावा आणि पंधरा मिनिटांनी मला सांगा. बरेच जण परत फोनच करत नाहीत, म्हणजे बरं वाटलेलं असतं. आत बसूनही ज्यांची धाप थांबत नाही, छातीत घरघर आहे, त्यांना मात्र मी पत्ता शोधत बसू देत नाही, थेट इमर्जन्सीला जायला सांगते.

होतं काय, या शैवालाच्या पेशीला बाहेरून कवच नसतं. लाट फुटली की पेशीही फुटते आणि आतलं विष फेसातून, तुषारांतून हवेत चढतं. पुढचं सगळं वाऱ्याच्या हातात. आमचा समुद्र पश्चिमेला. वारा पश्चिमेचा असला की ती हवा सरळ किनाऱ्यावर येते, पूर्वेचा असला की समुद्रात परत जाते. त्यामुळे एकाच दिवशी सिएस्टावर माणसं खोकत असतात आणि काही मैलांवरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर कुणाला पत्ताही नसतो. तुम्ही पाहिलेले दोन्ही फोटो खरे असणार. शैवालही समुद्रात ठिपक्याठिपक्यांनी असतं, सलग चादर पसरलेली नसते.

आधी कळतं का? आत्ता बसून डिसेंबरचं कुणीही सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. इथे रेड टाइड बहुधा उन्हाळ्याच्या अखेरीस नाहीतर शरदात सुरू होते. काही वर्षी आठवड्यांत आटोपते, काही वर्षी हिवाळा ओलांडते, काही वर्षी जाणवण्याइतकी येतच नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात आलेली २०१९ उजाडेपर्यंत हलली नाही. म्हणजे नाताळात अगदी निर्धास्त राहावं असंही नाही. त्यातल्या त्यात नोव्हेंबरअखेर नकाशावर काय दिसतंय त्यावरून थोडा अंदाज बांधता येतो.

नकाशा म्हणजे राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याचा. त्याला इथे सगळे एफडब्ल्यूसी म्हणतात. जागोजागचं पाणी तपासून लिटरमागे किती पेशी सापडल्या ते रंगीत टिंबांनी दाखवतात. एक हजारापर्यंत पेशी म्हणजे नेहमीचंच. हे शैवाल गल्फमध्ये बाराही महिने थोडंफार असतं. दहा हजारांच्या पुढे गेलं की श्वासाचा त्रास सुरू होऊ शकतो, दमेकऱ्यांना त्याच्या आधीही. लाखाच्या पुढे मासे मरायला लागण्याची शक्यता बरीच. दहा लाखांच्या पुढे पाण्याचा रंगही बदलतो.

पण टिंब म्हणजे ज्या दिवशी बाटली भरली त्या दिवसाचं पाणी. ते तीन दिवसांपूर्वीचंही असू शकतं, तारीख बघायला विसरू नका. आज बाहेर पडायचं की नाही यासाठी मी सारासोटाच्या मोट मरीन लॅबोरेटरीचा किनाऱ्यांचा रोजचा अहवाल बघते. लाइफगार्ड आणि स्वयंसेवक प्रत्यक्ष वाळूवर उभे राहून कळवतात: लोक खोकतायत का, मेलेले मासे आहेत का, वारा कुठला. याशिवाय नोआ या अमेरिकी सरकारच्या हवामान-समुद्र संस्थेच्या मदतीने एक श्वासत्रासाचा अंदाज निघतो, तो तर किनाऱ्यागणिक आणि दिवसातल्या तासांगणिक असतो. स्वयंसेवक फोनला सूक्ष्मदर्शक जोडून पाण्याच्या थेंबाचा व्हिडिओ काढतात, संगणक त्यातल्या पेशी मोजतो आणि वाऱ्याच्या अंदाजाशी जुळवतो. आमच्या गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका हे काम करतात. बादली घेऊन निघाल्या की आम्ही सगळे खिडकीतूनच खुणेने विचारतो, काय म्हणतंय पाणी?

आता सासरे. नेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण समुद्राला लागून असलेलं घर घेऊ नका. पूल ओलांडून अलीकडे, मुख्य भूमीवर सारासोटात घर घ्या. किनारा गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर राहतो. हवेतलं विष वाऱ्यासोबत मैलभर किंवा जास्तही आत येऊ शकतं, पण जितकं आत याल तितकं विरत जातं. हवा चांगली असेल त्या दिवशी किनाऱ्यावर जा, नसेल त्या दिवशी घरात सुखाने बसता येईल. गॅलरीतून समुद्र दिसणाऱ्या घरात नेमकं तेच जमत नाही. आणि निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, रोजचा पंप आणि अडीअडचणीचा पंप दोन्ही भरलेले ठेवा.

प्लवक

पेलिकनताईंनी व्यवहाराचं सगळं सांगितलंच आहे, मी थोडी शास्त्रीय भर घालतो. मी टेक्सासच्या किनाऱ्यावर असतो, सागरी जीवशास्त्र हा पेशा. हीच जात आमच्याकडेही अधूनमधून हजेरी लावते.

या शैवालाचं नाव कारेनिया ब्रेव्हिस. एकपेशीय, चाबकासारखे दोन तंतू असलेला जीव. फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञ कॅरन स्टायडिंगर यांच्या सन्मानार्थ हे नाव पडलं. त्यांची सगळी हयात याच्या अभ्यासात गेली. त्याच्या विषाला ब्रेव्हेटॉक्सिन म्हणतात, ते मज्जासंस्थेवर काम करतं. मासे मरतात ते यानेच. पुढे मेलेले मासे कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात आणि वाचलेले तळाचे जीवही गुदमरतात. २०१८ च्या जुलैत सॅनिबल बेटावर २६ फुटी व्हेल शार्क मरून लागला होता, त्याच्या शरीरातही हे विष सापडलं. २०१३ साली अडीचशेहून जास्त मॅनाटी (पाण्यात राहणारे मोठे सस्तन प्राणी) रेड टाइडच्या एका साथीत गेले. ते समुद्रगवत खातात आणि गवतावर विष साचलेलं असतं.

हे सगळं प्रदूषणाने होतं का, हा प्रश्न लगेच येतो, आणि यावर दोन्ही बाजूंनी हमरीतुमरी चालते. साथ सुरू होते ती किनाऱ्यापासून दहा ते चाळीस मैल दूर समुद्रात, तळाजवळ, जिथे माणसाचं सांडपाणी सहसा पोचत नाही. गल्फकाठी मासे मरून लागल्याच्या नोंदी १८४० च्या दशकापासून आहेत, म्हणजे खतांचे कारखाने आणि गोल्फ कोर्स यायच्या कितीतरी आधीपासून. एक मजेशीर धागा सहारापर्यंत जातो: तिकडची धूळ अटलांटिक ओलांडून गल्फमध्ये पडते, तिच्यातल्या लोहावर ट्रायकोडेस्मियम नावाचे सूक्ष्मजीव पोसतात, ते हवेतला नायट्रोजन पाण्यात आणतात आणि कारेनियाला आयतं जेवण मिळतं. एवढं मान्य करूनही, एकदा ही साथ प्रवाहांनी किनाऱ्याशी आली की नद्यांतून येणारा नायट्रोजन तिला खतपाणी घालतो, असं अलीकडचे अभ्यास दाखवतात. जन्म नैसर्गिक, मुक्काम लांबवण्यात आपला हात. माझं मत विचाराल तर हेच.

दम्याबद्दल: सारासोटा भागात दमेकऱ्यांना घेऊन अभ्यास झालेत. रेड टाइड असताना तासभर किनाऱ्यावर काढल्यावर त्यांची श्वासाची क्षमता मोजण्याइतकी घटली, आणि काहींना पुढचे काही दिवस त्रास जाणवत राहिला. निरोगी माणसाचा खोकला घरात गेल्यावर थांबतो यावरून सासऱ्यांचं गणित मांडू नका.

सांजवारा

धागा वाचून २०१८ आठवलं. आम्ही तेव्हा केप कोरलला कालव्याकाठी राहायचो. लोकांना दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करायची सवय आहे, म्हणून लिहितेय. समुद्रात रेड टाइड होतीच, आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या मागच्या दाराशी कालव्यात हिरवा थर. तो गोड्या पाण्यातला, नील-हरित शैवालाचा. ओकीचोबी तलावातलं पाणी कलुसाहॅची नदीत सोडलं की त्याच्यासोबत खाली येतो. जाड साय धरलेली, वर बुडबुडे, वाळला की कडेला निळसर पापुद्रे. घाण म्हणजे इतकी घाण की पाहुण्यांना बोलावायची लाज वाटावी. त्याचं विष वेगळं, यकृतावर जाणारं. समुद्राकडे पाठ करावी तर हे समोर.

आणि कुत्रा असेल तर सांभाळा! आमचा बंड्या भरतीच्या रेषेवरचे मेलेले मासे हुंगायला धावायचा. कुत्र्याने असा मासा चघळला किंवा अंगावरचं पाणी चाटलं तरी विष पोटात जातं. आम्ही त्या काळात त्याला वाळूवर नेणंच बंद केलं.

ओहायोकर

सगळ्यांचे मनापासून आभार, कुत्रा नाहीये, तेवढं एक बरं. पेलिकनताई, पुलाच्या अलीकडे घर ही कल्पना पटली, बायकोलाही पटली. दोन शंका उरल्या. पैशांचं नक्की काय असतं? ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला तर रेड टाइड त्यात धरतात का? आणि सासूबाई माशांचं विसरलेल्या नाहीत.

पेलिकन

आधी मासे, नाहीतर सासूबाई रागवायच्या.

दुकानातले आणि हॉटेलातले मासे खुशाल खा. कालवं आणि तिसऱ्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे विष त्यांच्यात साठतं. म्हणून पेशी लिटरमागे पाच हजारांच्या वर गेल्या की राज्य त्या भागातली शिंपल्यांची तोडणी बंद करतं आणि पाणी, मांस दोन्ही साफ निघेपर्यंत उघडत नाही. बाजारात येतं ते या चाळणीतून आलेलं असतं. धोका आहे तो स्वतः उथळ पाण्यातून शिंपले वेचून शिजवण्यात. आणि शिजवून हे विष जात नाही, गोठवूनही नाही. ज्यांच्या पोटात जातं त्यांना ओठ-जीभ बधिर होणं, हातापायांना मुंग्या, उलट्या, तोल जाणं असलं सगळं होतं. कोलंबी, खेकड्याचं पांढरं मांस आणि ताज्या, जिवंत पकडलेल्या माशाचे काप चालतात. आतडी-काळीज आणि खेकड्याच्या पोटातला हिरवट गर मात्र टाकून द्यायचा. पाण्यात मरगळून तरंगणारा मासा कितीही ताजा दिसला तरी उचलायचा नाही.

आता पैसे. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये रेड टाइड हे रद्द करायचं कारण म्हणून बहुधा धरत नाहीत. वादळ धरतात, तुमचं आजारपण धरतात, समुद्राला आलेलं आजारपण नाही. "कुठल्याही कारणाने रद्द" अशी महागडी पॉलिसी मिळते, पण ती पहिला हप्ता भरल्यापासून ठरावीक दिवसांतच घ्यावी लागते आणि पूर्ण पैसे तीही देत नाही. त्यापेक्षा सोपं म्हणजे, रद्द करायची मुदत प्रवासाच्या जितकी जवळ तितकं घर चांगलं. दिसायला थोडं साधं असलं तरी तेच घ्या. अर्धे पैसे बुडवणारं घर शुक्रवारी सोडून द्या.

आणि फोनवर "बीच चालू आहे का?" असं विचारू नका. हे मला आतून माहीत आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या एका ठिकाणी कामाला होते. तिथे आम्हाला सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर म्हणायचं "किनारे खुले आहेत." खोटं काहीच नव्हतं त्यात. रेड टाइडसाठी किनारे सहसा बंद करत नाहीत, फलक लावतात. माणसं यायची, चावी घ्यायची, तासाभरात तोंडावर टॉवेल धरून परत काउंटरवर. एक आजोबा व्हीलचेअरवर होते, नातीने त्यांना खास वाळूवरची रुंद चाकांची खुर्ची मिळवून दिली होती. ते पाण्यापर्यंत पोचलेच नाहीत. पैसे मागायला नात आली तर मला तेच वाक्य म्हणायला लावलं. मी त्या हंगामानंतर ती नोकरी सोडली. म्हणून सांगते, प्रश्न असा विचारा: "आज सकाळी तुम्ही स्वतः बाहेर खोकलात का?" फोनवरचा माणूस अडखळला की समजा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विषय निघालाय तर इथे राहणाऱ्यांचंही लिहिते. पाहुणा दुसरीकडे वळतो. आम्ही दारं-खिडक्या लावतो, एसीचं फिल्टर बदलतो आणि वाट बघतो. हवा बिघडली की माझे यजमान संध्याकाळचं फिरणं मॉलच्या आत करतात, त्यांच्यासारखे तिथे बरेच असतात. कालव्याच्या किंवा खाडीच्या टोकाला घर असलेल्यांची तर परवड. भरतीबरोबर मासे आत येतात आणि ओहोटीला बाहेर जात नाहीत, कोपऱ्यात साचतात. किनाऱ्यावरचे काउंटीचे ट्रॅक्टर पहाटे येऊन मासे ओढून नेतात, पण खासगी धक्क्याशी जे साचतं ते ज्याचं त्याने जाळीने काढायचं. शिंगाळ्याचा काटा बुटाच्या तळव्यातून आरपार जातो, जाड रबरी बूट घालूनच उतरावं लागतं. २०२१ च्या उन्हाळ्यात टँपा बे या खाडीत इतका खच झाला की कोळंबी पकडायच्या बोटी भाड्याने घेऊन जाळ्यांनी मेलेले मासे ओढत होते. पिनेलास काउंटीने हजाराहून जास्त टन उचलले.

आरोग्याचंही असंच. २००१ ची साथ आणि त्यानंतरचा २००२ चा मोकळा काळ यांची तुलना करून इथे अभ्यास झाला होता. समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या श्वासाच्या तक्रारींसाठी इमर्जन्सीतल्या भरत्या साथीच्या काळात ५४ टक्क्यांनी जास्त निघाल्या, आत राहणाऱ्यांच्या तशा वाढल्या नाहीत.

आणि पोट. आमच्याकडे घरं साफ करणाऱ्या बायका तासावर काम करतात. बुकिंग रद्द झालं की चादरी बदलायच्या नाहीत, म्हणजे तास नाहीत. मासेमारीला नेणाऱ्या बोटवाल्यांना २०१८ मध्ये दुहेरी फटका बसला: गिऱ्हाईक नाही, आणि स्नूक, रेडफिश वगैरे पकडले तरी परत सोडायचे असा नियम आला. नियम बरोबरच होता, मासे उरलेच किती होते. राज्याने आणीबाणी जाहीर केली, छोट्या धंद्यांना बिनव्याजी कर्जं दिली. कर्जंच ती, फेडावी लागतात. २०१९ पासून राज्याने उपाय शोधायला पैसा ओतलाय, चिकणमाती फवारून पेशी तळाला बसवायचे प्रयोग चालू आहेत. कोरियात अशी माती वर्षानुवर्षं वापरतात. शंभर मैलांचा किनारा मातीने झाकता येणार नाही हे उघड आहे, पण एखादी खाडी, एखादा कालवा वाचला तरी मी आनंदाने टाळ्या वाजवेन.

भटक्या

पेलिकनताई, कान पकडले. फक्त एक शंका: मग आमच्या वेळी पोरं दिवसभर पाण्यात होती, त्यांना काही झालं नसेल ना?

पेलिकन

झालं असतं तर तेव्हाच कळलं असतं, काळजी करू नका. पोहून काहींच्या अंगाला खाज सुटते, डोळे लाल होतात. गोड्या पाण्याने अंग धुतलं की बहुधा जातं. मासे मरून पडलेत किंवा पाणी गढूळ तपकिरी आहे तिथे मुलांना उतरवायचं नाही, एवढं पाळा.

ओहायोकर

ठरलं. सारासोटात, पुलाच्या अलीकडे घर घेतलं, दोन दिवस आधीपर्यंत रद्द करता येतं. सासऱ्यांच्या डॉक्टरांशी भारतात फोनवर बोललो, त्यांनी औषधं लिहून दिली. शेवटचा प्रश्न, ताई: दिवसातली कुठली वेळ बरी? सासरे पहाटे पाचला उठून बसतात.

पेलिकन

मग त्यांचं चांगलंच जमेल. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, इथे त्याचाच उपयोग. रात्री जमीन निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो बऱ्याचदा सकाळी उशिरापर्यंत टिकतो. दुपारी जमीन तापली की उलटा फिरतो. म्हणून सकाळी लवकर जा, वारा तोंडावर यायला लागला की निघा.

नाताळात मात्र थंडीच्या लाटा हे गणित मोडतात. लाट येते तेव्हा एक-दोन दिवस वायव्येचा बोचरा वारा आणि मोठ्या लाटा. पाण्यात शैवाल असेल तर ते दिवस सर्वात वाईट. मग वारा ईशान्येकडे, पूर्वेकडे वळतो आणि हवा मोकळी होते. तेव्हा थंडीच्या लाटेच्या दिवशी समुद्राचं नाव काढू नका, सगळ्यांना घेऊन मायाक्का रिव्हर स्टेट पार्कला जा, ते समुद्रापासून बरंच आत आहे. झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा लाकडी झुलता पूल आहे. वर चढायला जिने आहेत, सासऱ्यांना खालीच बसवा. उन्हात पडलेले अ‍ॅलिगेटर गाडीतूनही दिसतात. धाकटीचा हात पाण्याच्या कडेला सोडू नका, आणि अ‍ॅलिगेटरना खायला काही टाकू नका, कायद्याने गुन्हा आहे.